न दुखणारी

“दुखतंय ना? मग बरंच आहे,” पडद्यामागून डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आणि पडद्याच्या अलीकडे बाकावर आपली आणि सारजाची पिशवी मांडीवर घेऊन बसलेल्या जोहराबीला वाटलं, आपण ऐकण्यात चुकलो. पुण्याच्या त्या दवाखान्यात गलका काय थोडा नव्हता. कुणाचं नाव पुकारलं जात होतं, कुठे लोखंडी खाट फरशीवरून ओढत नेत होते, एक पोर एकाच सुरात रडत होतं. एवढ्या गलक्यात एखादा शब्द इकडचा तिकडे व्हायचाच. दुखत नाही ना, मग बरंय, असं म्हणाल्या असतील. सगळं जग तसंच म्हणतं. पण पडदा पातळ होता, हिरवा, धुऊन धुऊन विरलेला, आणि खालून वीतभर उघडा. त्यातून तपासायला आत गेलेल्या सारजाचे पाय दिसत होते, जोडवी घातलेले, भेगांत माले गावच्या शेतातली माती अजून तशीच. सारजानंही तेच ऐकलं असावं, कारण तिनं लगेच विचारलं, “दुखतंय ते बरं कसं वं, बाई?” आणि बाई हसल्या. जोहराबीच्या मांडीवरची एक पिशवी घसरून खाली पडली. फडक्यात बांधलेली भाकरी अर्धी बाहेर आली. ती उचलायचं तिला सुचलं नाही. दुसऱ्या कुणाची तरी भाकरी असावी तशी ती तिच्याकडे बघत राहिली.

सारजाला इथे ओढून आणलं होतं तिनंच. सारजाची गाठ पहिल्यांदा ओळखली तिनं, घाबरली ती, सारजाच्या नवऱ्याशी, कुशाबाशी भांडली ती. आज पहाटेच्या एसटीत बसल्यापासून सारजा गप्प होती आणि जोहराबीच तिला धीर देत होती. एवढी खात्री कशाची होती तिला? बोटांची. पौडाच्या पेठेत कमरुद्दीन मणेराचं काकणांचं दुकान. दुकानात नवरा बसायचा, आणि जोहराबी काकणांच्या माळा खांद्यावर टाकून, टोपली काखेला मारून गावं हिंडायची. लग्न होऊन आली तेव्हापासून, म्हणजे चौतीस वर्षं. घोटावडे, नांदे, माले, कुठल्याही आळीत तिची हाक गेली की बाया ओला हात पदराला पुसत उंबऱ्यावर येऊन बसायच्या. तिला त्यांचे चेहरे लक्षात राहत नसत. बाजारात एखादी समोर उभी राहून बोलत असली तरी ही कोण ते उमजायचं नाही, पण हात हातात आला की सगळं कळायचं. ही सव्वादोनच्या मापाची, हिच्या अंगठ्याच्या मुळाचं हाड जरा पुढे आहे. ही अडीचची, हाताला घट्टे पडलेत, पण आतून लोणी. ही नवी सून, हात आखडते, हिला आधी बोलण्यात गुंतवलं पाहिजे. डोळे मिटले की तिला नुसते हात दिसत, पाण्यावर तरंगत आल्यासारखे, एकामागून एक, मनगटापासून बोटांपर्यंत, पुढे बाई नाहीच.

ही विद्या सासूनं दिली होती. सासूचे स्वतःचे हात तेव्हा थरथरायला लागले होते, काच टिकायची नाही, म्हणून तिनं नव्या सुनेला समोर बसवून आपलाच हात तिच्या हातात दिला होता. “दाब. आजून दाब. काय लागलं? हितं हाड हाय, बग, ते जागचं हालत न्हाई. त्याला भ्यायचं न्हाई, ते आपलंच आसतंय, त्याच्यावरनं काच बेलाशक न्यायची. आन हितं बग, मनगटावर ह्यो फुगवटा. बोटाखाली सरकतूया का न्हाई? सरकतंय ते भायेरचं. तितं काच अडली की बाई वरडती. तितं जपायचं.” सासूच्या मनगटावर खरंच एक पाण्याची गाठ होती, हरभऱ्याएवढी, चुकार. जोहराबीनं ती कितीदा बोटाखाली फिरवून पाहिली होती. त्यानंतर चौतीस वर्षं, हजारो हातांवर, ही शिकवण एकदाही खोटी ठरली नव्हती. सरकतं ते परकं. ठाम ते आपलं.

म्हणून गेल्या साली ईदच्या आदल्या दिवशी आंघोळ करताना साबणाचा हात उजव्या छातीवरून काखेकडे गेला आणि बोट अडखळलं, तेव्हा ती घाबरली नाही. बोटं आपोआप कामाला लागली, एखाद्या गिऱ्हाइकाचा हात हातात घ्यावा तशी. आहे काहीतरी. सुपारीच्या खांडाएवढं. दाबून पाहिलं, दुखेना. सरकवून पाहिलं, सरकेना. ठाम, जागच्या जागी. वरून पाणी पडत होतं, न्हाणीच्या कौलातल्या फटीतून उन्हाचा एक कवडसा तिच्या खांद्यावर आला होता, आणि तिला आठवतं, तिला एक तऱ्हेचं समाधानही वाटलं होतं. वय झालं की हाडं वर येतात. मांस जातं, हाड दिसायला लागतं, तिच्या आईचं नव्हतं का शेवटी असंच झालं. हे आपलंच काहीतरी आहे, इतकी वर्षं आत होतं, आता वर आलं. तिनं त्यावरून साबणाचा हात फिरवला आणि पाणी ओतलं. नंतर केव्हातरी, दिवाळीच्या सुमाराला, त्या जागी कातडीला एक लहानशी खळी पडली. तीही तिला वाईट वाटली नाही. लहानपणी तिच्या गालाला खळी पडायची, लोक त्यावरून तिला चिडवायचे. ती खळी कुठे गेली कोण जाणे. ही तीच फिरून आली असेल, असा एक वेडा विचार तिच्या मनात आला होता, आणि ती न्हाणीत एकटीच हसली होती. कमरुद्दीनला तिनं सांगितलं नाही. सांगण्यासारखं होतंच काय? आणि आताच्या वयात एकमेकांच्या अंगाकडे बघणं दोघांचंही कधीच थांबलं होतं.

आणि मग संक्रांतीच्या आधी ती मालेला गेली. कुशाबाच्या दारात सारजाला काकणं भरताना सारजानं हात जरा वर उचलला आणि ‘स्स’ केलं. काच तर अजून बोटांवरच होती. “काय गं? मी तर आजून हातच लावला न्हाई.” सारजा इकडेतिकडे बघून म्हणाली, “चाची, जरा आत ये.” आत कणगीच्या आडोशाला तिनं चोळीची गाठ सोडली. जोहराबीनं बोटं ठेवली. बोटाखालून ती गाठ निसटली. मासा निसटावा तशी. इकडून धरायला गेलं की तिकडे. आणि सारजा कळवळत होती. सरकती आणि दुखती. परकं काहीतरी बाईच्या अंगात शिरलंय आणि आत हिंडतंय. जोहराबी तशीच बाहेर आली आणि अंगणात दोर वळत बसलेल्या कुशाबापुढे उभी राहिली. “ह्या बाईला पुण्याला न्ह्यायला पायजे.” कुशाबा मान वर न करता म्हणाला, “दूध साकळलं आसंल.” “धाकलं पोरगं नऊ वर्साचं हाय तुजं, अजून पितंय व्हय?” “मग वारं धरलं आसंल. जाईल. पुण्याला जायाला काय लगीन हाय का कुनाचं?” तेव्हा जोहराबी त्याला म्हणाली होती, “कुशाबा, तुज्या म्हशीचं आचळ सुजलं तवा त्याच सांजंला घोटावड्याचा डाक्टर आणलास का न्हाई? सायकलवर म्होरं बसवून आणलास त्याला. मग ही काय म्हशीपरीस हलकी हाय?” कुशाबाच्या हातातला दोर थांबला. आळीतल्या दोनचार बाया फिस्सकन हसल्या. तो दोराकडेच बघत म्हणाला, “चाची, मग तूच जा तिच्यासंगं. मला त्या दवाखान्यात काय बोलावं कळंत न्हाई.”

“हात सैल सोडा. अंग आखडू नका,” पडद्यामागून बाई म्हणत होत्या. जोहराबी दचकली. हे तर तिचं वाक्य होतं. चौतीस वर्षं दिवसातून वीस वेळा म्हटलेलं. आता काख बघत असतील. बाईंची बोटं कशी असतील? मघाशी बाईंनी सारजाचं नाव लिहून घेतलं तेव्हा तिनं हात पाहिला होता त्यांचा, सवयीनं. मनगट मोकळं, एका हाताला घड्याळ. सव्वादोनचा हात, मऊ. वयानं तिच्या लेकीएवढी, सुलतानाएवढी पोर. ही पोर काय सांगते आहे? “हे बघा, सारजाबाई,” ती पोर सांगत होती, “ही गाठ बोटाखाली हलते. रबरासारखी लागते, कडा गुळगुळीत आहेत. आणि तुम्हीच सांगितलंत, पाळीच्या आधी आठ दिवस जास्त दुखते, पाळी आली की ओसरते. अशा गाठी पुष्कळ बायकांना होतात. या साध्या. जिवावरच्या नाहीत. तरी मी नुसत्या बोटांवर विसंबणार नाही. आज सुईनं त्यातलं थोडं पाणी काढून घेते, काचेवर पसरून तपासायला देते. पाळी झाली की परत या.” “म्हंजी कापायची न्हाई?” “नाही.” “क्यान्सर न्हाई?” सारजानं तो शब्द असा उच्चारला, जणू सांडशीनं धरलेलं काही खाली ठेवावं. “मला तरी तसं वाटत नाही. ती गाठ निराळी असते. ती कडक असते, दगडासारखी. हलवली तर हलत नाही, रुतून बसलेली असते. कधी वरची कातडी आत ओढली जाते. आणि सुरुवातीला ती दुखत नाही. तीच तर अडचण आहे. दुखत नाही म्हणून बायका घरी बसतात, आणि येतात तेव्हा फार उशीर झालेला असतो. तुमची दुखली म्हणून तुम्ही आलात.”

कातडी आत ओढली जाते. जोहराबीचा हात पदराखाली गेला आणि तिथेच थांबला. बाकावर शेजारी बसलेली म्हातारी तिच्याकडे बघत होती, म्हणून तिनं हात काढून पिशवीवर ठेवला. सगळा गलका एकदम लांब गेला, पाण्याखाली बुडी मारल्यावर जातो तसा. पाण्याखाली. तिची आई चाँदबी धरणात गेलेल्या गावची. जोहराबी लहान असताना आई सांगायची, पाणी कसं आलं ते. लोकांना वाटत होतं, पाणी येईल ते लोंढ्यानं येईल, गर्जत येईल, तेव्हा उठू, पळू. तसं काही झालंच नाही. सकाळी उठून बघावं तर खालच्या खाचरात आभाळ दिसतंय. दुसऱ्या दिवशी बांधाला लागलंय. बोट बोट चढत होतं, आवाज नाही, लाट नाही, बगळे त्यात उभे. चाँदबीचा बाप रोज एक खुंटी ठोकायचा पाण्याच्या कडेला आणि म्हणायचा, आता थांबलं. पाणी इतकं निवांत होतं की त्याच्यावर कुणाचा राग निघेना. चाँदबी सांगायची, आम्ही पोरी तर त्यात पाय सोडून बसायचो, गार गार वाटायचं. मग एका सकाळी चुलीतली राख ओली निघाली. आई हे सांगताना कधी रडली नाही. तिला त्यात नवल वाटायचं, एवढंच. जोहराबी आता तशीच पाय सोडून बसली होती, आणि पाणी गार होतं, आणि ती आपल्या अंगातल्या त्या ठाम जागेकडे बघत होती. एक वर्ष. एक वर्ष तिनं तिला आपली म्हणून वागवलं. साबण लावला, सुती कापडानं टिपलं. खळी पडली तर हसली. आणि सारजाच्या त्या बिचाऱ्या निसटत्या, ओरडणाऱ्या, आपण कुठे आहोत ते सांगत फिरणाऱ्या गाठीला तिनं चोर ठरवलं.

पडदा सरला. सारजा पदर सारखा करत बाहेर आली. तिच्या तोंडावर सकाळपासून पहिल्यांदा रक्त दिसत होतं. “चाची, ऐकलंस का? साधी हाय म्हनं. दुखती ती साधी!” आणि मग खाली पडलेली भाकरी बघून, “आगं, ही काय गत केलीस भाकरीची?” डॉक्टरीणबाई हात धूत होत्या. जोहराबी उठली, पुढे झाली, आणि तिला स्वतःचा आवाज दुसरीकडून आल्यासारखा ऐकू आला. “बाई, एक इचारू? आमच्याकडं एक बाई हाय.” “कुठली?” “मालेकडचीच. तिला हितं,” तिनं हात हवेत कुठेतरी नेला, “तशी हाय. हालत न्हाई ती.” बाईंनी नळ बंद केला. “किती दिवस झाले?” “वरीस.” “वय?” “आसंल माज्याएवडी.” बाई तिच्याकडे बघत होत्या. त्यांनी हात पुसले, एक एक बोट सावकाश. “अशी प्रत्येक गाठ वाईटच असते असं नाही,” त्या म्हणाल्या, “जशी दुखणारी प्रत्येक साधीच असते असंही नाही. बोटांनी अर्धंच कळतं. पण त्या बाईनं एक दिवससुद्धा घालवू नये. सांगाल तिला? मी आज एक वाजेपर्यंत आहे.” “आज कशी यील ती,” जोहराबी म्हणाली, “मालेवरनं?” आणि सारजाला म्हणाली, “चल. एसटी चुकंल.”

रस्त्यावर ऊन होतं. सारजा पुढे, जोहराबी मागे. आयुष्यात पहिल्यांदाच असं झालं असेल, एरवी पुण्यात सारजा तिचा पदर धरून चालायची. आता सारजाला सगळं बघायचं होतं. दुकानाच्या काचेतल्या साड्या, मोटारीत पुढे बसलेली बाई, केळ्यांचे घड. स्टँडाजवळ तिनं भजी घेतली, कागदात, आणि उभ्या उभ्या खाल्ली. “चाची, खा की. मी जगले आन तू का उपाशी? कुशाबाला सांगनार हाय मी, डाक्टरीण म्हनली, हिला जपा, लई नाजूक हाय. धा दिस पान्याची घागर उचलाया लावते का न्हाई बग त्याला.” जोहराबी हसली. हसणं तोंडावर आलं आणि तिथेच राहिलं, काढून ठेवायला विसरलेल्या वस्तूसारखं. तिला आता फार सुटं सुटं, सावकाश दिसत होतं. ती भजी. सारजाच्या हनुवटीवरचं तेल. एसटीच्या टपावर चढवलेली सायकल, तिचं चाक हळूहळू फिरत होतं, कुणी न फिरवता. पौडाला जायचं, दुकानाची फळी बाजूला करून आत जायचं, आणि कमरुद्दीन विचारेल, काय म्हणाली डाक्टरीण? सारजा बरी हाय, ती म्हणेल. ते खोटं नाही. मग उद्या नांदे, नांद्यात एक लग्न आहे, नवरीचा चुडा भरायचा आहे. चुडा जोहराबीच्या हातचा हवा असा त्या घरचा हट्ट. तिच्या हाताला गुण आहे म्हणतात. तिनं भरलेला चुडा हातावर वर्षानुवर्षं टिकतो म्हणतात. आणि या बाईला तो रोग आहे हे एकदा आळीत कळलं, मग? कोण पोरीचा हात देईल तिच्या हातात? घोटावड्यात अशी एक बाई झाली होती, तिचा तांब्यासुद्धा वेगळा ठेवायचे. हातात हात घ्यायचाच धंदा. हात आला नाही की ती कोण? आणि त्याहूनही एक लाजिरवाणी गोष्ट होती, ती तिला आता उन्हात उभं राहून कळत होती. रोगाची भीती होतीच, पण तिच्याआधी येऊन बसली होती ती चूक. चौतीस वर्षांची बोटं, आणि आपल्याच अंगावर चुकली. हे कुणाला सांगायचं? न दुखणारी तर आहे. तिला न दुखू द्यावं. आणखी एक खुंटी ठोकावी आणि म्हणावं, आता थांबलं.

गाडी लागली तशी झुंबड उडाली. टोपल्या, बोचकी, एक कोंबडी, कुणाचा तरी पत्रा. सारजानं दांडीला हात घातला, मागून रेटा आला, आणि काच तडकल्याचा बारीक आवाज झाला. एवढ्या गोंगाटात तो दुसऱ्या कुणाला ऐकू आला नसता. जोहराबीला आला. कशाबशा दोघी आत शिरल्या, मागच्या बाकावर टेकल्या, आणि गाडी सुरू होऊन स्टँडाच्या फाटकाकडे वळली. सारजानं मनगट वर धरलं. हिरव्या काकणांतलं एक कमी होतं, आणि कातडीवर रक्ताचा एक ठिपका.

“आगं बया. वाढली की गं एक,” सारजा म्हणाली.

बाईपुढे ‘फुटली’ म्हणायचं नाही. काच फुटली, तडकली, पिचली, तिचे तुकडे झाले तरी म्हणायचं, वाढली. जोहराबीनं हा शब्द इतक्या वेळा म्हटला होता, इतक्या आळ्यांतून, इतक्या सहजपणानं, की त्याला दुसरा काही अर्थ असतो हे ती विसरून गेली होती. संपलेल्या गोष्टीला वाढली म्हणत ती आयुष्यभर हिंडली. आता गाडीच्या धडधडीत तो शब्द तिच्या मांडीवर येऊन पडला, आणि तिला त्याचा सरळ, साधा, पोराला कळेल असा अर्थ ऐकू आला. ईदला सुपारीचं खांड होतं. दिवाळीला सबंध सुपारी. आता?

“माजीबी वाढलीया,” ती म्हणाली.

“कुटं? दाव.” सारजानं तिचे दोन्ही हात ओढून घेतले, उलटे केले, सुलटे केले. “समदी तर धड हायेत.”

“काकान न्हाई, सारजे.”

सारजाच्या हातात तिचे हात तसेच राहिले. कधी कुणी तिचे हात असे धरले नव्हते, हात धरणारी नेहमी तीच. सारजा तिच्या तोंडाकडे बघत होती. मग तिची नजर खाली पदरावर आली, तिथून खिडकीकडे गेली, परत आली. “मालेकडची बाई,” ती हळू म्हणाली. “मी मगापास्नं एकेक घर आठवतिया, कोन आसंल ही, कोन आसंल. तूच व्हय?” जोहराबीनं मान हलवली. आणि मग सारजाचा आवाज चढला, एवढा, की पुढच्या दोन बाकांनी मागे वळून पाहिलं. “मला दावं लावून वढत आनलंस. माज्या नवऱ्याला चारचौघांत म्हशीवरनं बोललीस. आन सोता हितं आतमंदी धोंडा घिऊन बसलीस? वरीसभर?” “सारजे, हळू.” “हळू कशापायी? ओ मास्तर! गाडी थांबवा!”

कंडक्टर तिकिटांची पेटी सावरत गर्दीतून म्हणाला, “आत्ता तर चढलाय तुमी. काय इसरलं का काय?”

“व्हय, इसरलंय. बाई इसरलीया दवाखान्यात.”

“कोन बाई?”

“ही,” सारजा म्हणाली.

कंडक्टरनं जोहराबीकडे पाहिलं, सारजाकडे पाहिलं, आणि काय समजला कोण जाणे, पण त्यानं दोरी ओढली.

परतीचा रस्ता मघाचाच होता. पण तो जोहराबीला ओळखू आला नाही. सारजानं तिचं मनगट धरलं होतं आणि ती माणसांतून, सायकलींतून, टांग्यांतून वाट काढत जवळजवळ पळत होती, आणि जोहराबी तिच्या मागून तरंगत चालली होती, हलकी, वजन नसलेली, नुसता एक हात असल्यासारखी. वाटेत सारजा बोलत होती, थांबत नव्हती. काय व्हायचं ते होऊ दे. कापायची म्हणाली तर कापू दे. मी राहीन तुझ्यापाशी. कुशाबा भाकरी बडवून खाईल, त्याला येतात. लोक? लोकांच्या काय बापाचं जातंय. नांद्याच्या नवरीचा चुडा पुढच्या बुधवारी भर, नाहीतर त्यांना म्हणावं सोन्याच्या घाला. आणि मध्येच ती रडायला लागली, चालता चालताच, तिथल्या तिथे पदरानं नाक पुसलं, आणि परत भांडायला लागली. दवाखान्याच्या दारातलं घड्याळ एकाला पाच मिनिटं दाखवत होतं. बाकं रिकामी झाली होती. एक बाई फरशी पुसत होती. नर्सबाई कागद गोळा करत म्हणाल्या, “आता वेळ संपली. सोमवारी या.” “सोमवारी तुमी या आमच्या मालेला,” सारजा म्हणाली, “तेबी एसटीनं. मग कळंल.” “ओ बाई, नीट बोला.” “नीटच बोलतिया. अजून पाच मिंट हायेत, तुमचंच घड्याळ हाय, माज्या बापाचं न्हाई.” तेवढ्यात आतून डॉक्टरीणबाई बाहेर आल्या. खांद्याला पिशवी होती, अंगात तो पांढरा कोट नव्हता, आणि कोटाशिवाय त्या आणखीच लहान दिसत होत्या. त्यांनी जोहराबीला पाहिलं. नवल वाटल्यासारखं त्यांनी काही दाखवलं नाही.

“आणलंत त्या बाईला?” त्यांनी विचारलं.

“आणली,” जोहराबी म्हणाली.

पडद्याच्या आतली जागा बाहेरून वाटली होती त्याहून लहान होती. एक उंच खाट, एक तांबड्या रबराचा तुकडा, भिंतीत उंचावर एक खिडकी. जोहराबीनं पोलक्याची बटणं काढली. ती खाटेवर बसली, आणि खिडकीतून आलेला उजेड अंगावर पडला तेव्हा तिला वाटलं, आपलं अंग आपण आज पहिल्यांदाच बघतो आहोत, तेही दुसऱ्या कुणाचं तरी असावं तसं, जपून. ती खळी तिथेच होती. बाईंनी ती पाहिली. त्यांचा चेहरा फार शांत झाला, आणि शांत चेहरा जोहराबीला वाचता आला. पलीकडे सारजा अजून नर्सबाईंशी वाद घालत होती. आता घड्याळावरून गाडी मालेच्या तांदळावर गेली होती, आणि नर्सबाई विचारत होत्या, खरंच मिळेल का तिकडे चांगला आंबेमोहोर.

“दुखते का?” बाईंनी विचारलं.

एवढाच प्रश्न. सकाळपासून जोहराबीला त्याचं चांगलं उत्तर ठाऊक होतं. दुखते म्हटलं की बरं. दुखते म्हटलं की बाई हसतात, काचेवर पाणी घेतात, पाळी झाल्यावर या म्हणतात, आणि माणूस बाहेर जाऊन भजी खातं. एक शब्द. तो जिभेवर आलासुद्धा होता, गोल, तयार, आणि क्षणभर तर तिला तिथे खरोखर काहीतरी दुखल्यासारखंही वाटलं. दुखावं म्हणून तिनं जीव एकवटून वाट पाहिली. बाई थांबल्या होत्या. त्यांचा सव्वादोनचा हात उजेडात पुढे आलेला होता, अजून न टेकलेला.

“न्हाई,” जोहराबी म्हणाली. “जराबी दुखत न्हाई. तुमी दाबून बगा. मी अंग चोरत न्हाई.”